वॉरंटीच्या काउंटरवरच्या अक्का

अक्कांची एक सवय होती. गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की त्या वॉरंटीचं गुळगुळीत रंगीत पत्रक त्याच्यापुढे सरकवायच्या आणि त्यानं ते हातात घ्यायच्या आतच उलटं करायच्या. मागच्या पानावर बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असत. त्यावर पेन्सिलीचं मागचं टोक टेकवून त्या विचारायच्या, "हे वाचलासा काय?"

कोणीच वाचलेलं नसायचं. तुम्हीही कधी वाचलं नसेल. मग पुढची दहा मिनिटं अक्का ते पान त्याला वाचायला लावायच्या. कन्नड माणसाला कन्नडमध्ये, हिंदीवाल्याला त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत.

बनशंकरीतल्या त्या मोटारसायकलच्या शोरूममध्ये मी नवी गाडी ताब्यात घ्यायला गेलो होतो. पुण्याहून बंगळुरूला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. राहायला एचएसआर लेआउटमध्ये, नोकरी बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात. सेल्समननं मला कोपऱ्यातल्या काउंटरकडे पाठवलं. तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्यायची की नाही, ते तिथं ठरवायचं होतं. मला काही ठरवता येईना म्हणून मी आईला फोन लावला. आईला तरी त्यातलं काय कळणार? ती म्हणाली, घे बाबा, नसती कटकट नको.

फोन ठेवला तेव्हा काउंटरपलीकडच्या बाई माझ्याकडे पाहत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, सुती साडी, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी.

"पुण्याचं काय हो तुम्ही?"

त्या बेळगावकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन इथं आल्या त्याला पंचवीस वर्षं झालेली. मॅनेजरपासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. मीही म्हणायला लागलो.

"रोज किती चालवतासा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "लांब कुठं जातासा? गावाला गाडीवरनं?" नाही म्हटलं. मग त्यांनी पत्रक उलटं केलं. चेन यात बसत नाही, ब्रेक बसत नाहीत, क्लचप्लेट बसत नाहीत. एक सर्व्हिस वेळेवर झाली नाही तर काहीच बसत नाही.

"मग घेऊ की नको?"

"ते मी कसं सांगू? मला हितं विकायला बसवल्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन वर्षं कंपनीचीच हाय. ती संपायच्या आत कधीबी घेता येतीय. स्वल्प महाग पडंल, तेवढंच. गाडी चालवून बघा, मग ठरवा."

म्हणून मी ठरवणं पुढे ढकललं, आणि त्यामुळेच आमची ओळख वाढली. दर सर्व्हिसला गाडी आत गेली की मी अक्कांच्या काउंटरजवळच्या खुर्चीवर बसायचो. त्या डब्यातली शेंगाचटणी लावलेली चपाती पुढे करायच्या.

तिथं बसून मी बरंच पाहिलं. अक्का वॉरंटीच्या विरोधात होत्या असं समजू नका. दर पंधरवड्याला गाडीवरून हासनला शेतावर जाणारे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना अक्कांनी जवळजवळ दटावूनच घ्यायला लावली. पण एकदा घरोघर जेवण पोचवणारा चाळिशीचा एक माणूस आला. तो फॉर्मवर सही करणार इतक्यात अक्कांनी विचारलं, "गाडी कशाला लागतीय?" त्यानं सांगितलं. अक्कांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल एका ओळीवर ठेवली. धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला ही वॉरंटी लागू नाही. तो माणूस उठून गेला. काचेच्या खोलीतून मॅनेजर हे सगळं बघत होता.

"अक्का, तुम्हाला बोलत नाहीत?"

"बोलतात की."

"मग?"

त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं. अक्कांनी पेन्सिल ठेवली आणि बोलायला लागल्या. पूर्वी विकायचं आणि क्लेमचं, दोन्ही काम त्यांच्याकडेच होतं. एकाला त्यांनी वॉरंटी विकली होती. "सगळं बसतंय म्हणून सांगितलो. तसंच सांगा म्हणून शिकवलेलं." दीड वर्षानं त्याचं इंजिन जाम झालं. क्लेम नामंजूर झाला, कारण मधली एक सर्व्हिस अकरा दिवस उशिरा झाली होती. त्या अकरा दिवसांत त्याची बायको दवाखान्यात होती आणि तिथंच गेली. नामंजुरीचं पत्र अक्कांनाच त्याच्या हातात द्यावं लागलं.

"भांडला असता तर बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या. "त्यानं घडी घालून खिशात ठेवला कागद. आणि विचारला, अक्का, प्यायला पाणी हाय काय?"

तेव्हापासून त्या मागचं पान वाचायला लावत होत्या. त्याबद्दल त्यांनी स्वतःची बढाई कधी मारली नाही. त्यांना नोकरी हवीच होती. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगला. खोटं बोलायचं नाही आणि नोकरीही टिकवायची, यातून त्यांनी काढलेली ही वाट होती. मी काही सांगत नाही, तुम्ही वाचा.

माझी दोन वर्षं संपत आली तेव्हा मी म्हटलं, "अक्का, आता तरी सांगा. घेऊ का?"

माझं सर्व्हिसचं पुस्तक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. "तुम्ही वेळच्या वेळी करतासा सगळं. एवढ्याशा चालण्याला काय व्हायचं हाय. नको तुम्हाला." वाचायला न लावता त्यांनी थेट 'नको' म्हणून सांगितलं, असं तेवढं एकदाच झालं.

मला फार बरं वाटलं. त्याच संध्याकाळी शोरूमचा नेहमीचा मेसेज आला, तुमचा अनुभव लिहा. एरवी मी असले मेसेज उघडतही नाही. त्या दिवशी मन लावून लिहिलं. इथल्या वॉरंटी काउंटरवरच्या अक्का कोणाला फसवत नाहीत. तुम्हाला ही वॉरंटी लागणार नाही, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. अशी माणसं आहेत म्हणून मी या शोरूममध्ये येतो. पाच तारे दिले. अक्कांची कुठेतरी दखल घेतली जाईल, असं मला वाटलं होतं. मला खरंच तसं वाटलं होतं.

पुढच्या सर्व्हिसला गेलो तर काउंटरवर दुसरी मुलगी होती. टॅबवर बोट फिरवत ती योजना समजावत होती. मी सुपरवायझरला विचारलं. तो बराच वेळ माझ्या गाडीच्या नंबराकडे पाहत राहिला.

"सर, वो रिव्ह्यू आपने ही लिखा था ना?"

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. हे खरं आहे का, असं अक्कांना विचारलं. अक्का हो म्हणाल्या. महिनाअखेरीस त्यांना यापुढे यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं. सुपरवायझरनं हे सगळं सांगताना माझ्यावर दोष ठेवला नाही. आपण चांगलंच लिहिलं होतं, म्हणाला.

घरी जाऊन मी पहिल्यांदा तो रिव्ह्यू काढून टाकला. मग सुपरवायझरनं दिलेल्या नंबरवर फोन केला. "या की," अक्का म्हणाल्या, जणू मी सर्व्हिसलाच निघालो होतो.

एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली. कानाला हेडफोन लावून अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. घरबसल्या फोन करायचं काम त्यांना मिळालं होतं, वॉरंटी संपत आलेल्या गाडीवाल्यांना, ती वाढवून घ्या म्हणून. हातानं मला बसायची खूण करून त्या कन्नडमध्ये बोलत राहिल्या, भरभर, न थांबता. मला सगळं कळलं नाही. पण त्या समोरच्याला एकही प्रश्न विचारत नव्हत्या, एवढं कळलं. माझ्याकडे मात्र त्यांनी पाठच ठेवली.

फोन संपला. त्यांनी चहा टाकला.

"दुसऱ्या शोरूममध्ये विचारलो. ते जुन्या ठिकाणी फोन करून विचारतात. मग नको म्हणतात."

"अक्का, माझ्यामुळे झालं."

"तुम्ही चांगलंच लिहिलासा की." त्या खाली बघून कप पुसत होत्या. "मॅनेजरनं वाचून दाखवला तेव्हा मला कळंना, हसू की काय करू. एवढं कोणी लिहिलं न्हवतं माझ्याबद्दल. पोरगी हॉस्टेलातनं आली की तिला दाखवणार हाय. मला ते फोनवर सापडंना. तुम्ही जरा काढून देतासा काय?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"मी काढून टाकलं ते अक्का," मी म्हणालो. "तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून."

त्यांनी फोन हळूच मागे घेतला, पदरानं त्याची काच पुसली आणि बाजूला ठेवला. "सरी, बरं," म्हणाल्या. "राहू दे." मी पुन्हा लिहून देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता कशाला? आता मी तशी कुठं हाय?"

चहा गार होईपर्यंत मी बसलो. मग त्यांच्या पुढच्या फोनची वेळ झाली.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा खोलीत दुसरं कुटुंब आलं होतं. नंबरही बदललेला. घरमालकाला एवढंच माहीत होतं की बाई सामान घेऊन गावाकडं गेल्या.

माझ्या गाडीला आता चौथं वर्ष लागलंय. परवा सुपरवायझरनं ती आतून-बाहेरून तपासली आणि म्हणाला, काही नाही सर, इंजिन नव्यासारखं आहे. मी सही केली, किल्ली घेतली आणि बराच वेळ तिथंच गाडीजवळ उभा राहिलो. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झालो.