गोठ्यावरचा फ्लेक्स

आमच्या चऱ्होलीत पोर जन्मलं की फ्लेक्स, दहावी पास झालं की फ्लेक्स, पतसंस्थेत शिपाई लागलं तरी फ्लेक्स. त्यामुळे आमच्या मालकांची परदेशात बंदूकवाला गार्ड म्हणून निवड झाली तेव्हा दिरानं चौकात भलामोठा फ्लेक्स ठोकला, यात नवल काहीच नव्हतं. मालक फौजेतून रिटायर झालेले, चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर बसून कंटाळलेले. फ्लेक्सवर ते जुन्या वर्दीत उभे आणि खाली मजकूर: 'परदेशातील युद्धभूमीवर सशस्त्र सुरक्षारक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून त्यांना पाठवणारा वाकडचा एजंट, गॉगल लावून.

मी दिराला म्हटलं, "अरे, मरायच्या जागी चाललेल्या माणसाचं अभिनंदन कसलं करताय?"

"वहिनी, न्हाई लावला तर भावकी काय म्हणंल?"

त्याच गेटवरचे आणखी दोघं मालकांबरोबर गेले. मराठवाड्यातले, चाकणला खोली करून राहणारे. त्यांची भावकी राहिली तिकडं गावाकडं, मग इथं त्यांचा फ्लेक्स कोण लावणार?

पाच महिन्यांनी मालकांचा फोन आला. त्यांच्या गाडीवर हल्ला झाला होता. एक पाय गुडघ्याखालून गेला होता, आणि पासपोर्ट तिकडच्या कंपनीच्या कपाटात अडकला होता. "मला घरी ने गं," एवढंच बोलले. उभ्या संसारात या माणसानं माझ्याकडं चहाशिवाय काही मागितलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडले.

मग हेलपाटे सुरू झाले. तिकडची कंपनी म्हणाली, माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, एजंटाला विचारा. एजंटाच्या ऑफिसला कुलूप. राहिलं सरकार. सरकारी साहेबांनी कॉम्प्युटरात पाहिलं आणि हसले. "बाई, एजंटानं भरलेल्या कागदांवर हे तर गोदाम मदतनीस म्हणून गेलेत. गोदामात कोण कशाला हल्ला करेल?"

"साहेब, पाय गेलाय त्यांचा!"

"गेला असेल. पण गोदामातला माणूस युद्धात जखमी झाला, असा रकानाच नाही आमच्याकडं. ते गार्ड म्हणून गेले याचा लेखी पुरावा आणा, लगेच पत्र देतो."

मी त्या दोघांचंही विचारलं. साहेब म्हणाले, तेही मदतनीसच. त्यांचाही पुरावा आणा.

करारनामा पासपोर्टाशेजारी त्याच कपाटात. मी घर उपसलं, काही सापडेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपणच लावलं व्हतं की चौकात, एवढ्या मोठ्या अक्षरात!"

तो फ्लेक्स सापडला शेजारच्या काकांच्या गोठ्यावर. म्हशींच्या डोक्यावर आमचे मालक पालथे पडले होते. काका म्हणाले, "घिऊन जा बाई, पण पावसाचं दुसरा दे." मी त्यांना भावी आमदारांच्या वाढदिवसाचा दिला. म्हशींनी काही तक्रार केली नाही.

फ्लेक्स धुतला, गुंडाळी करून बसमधून नेला आणि साहेबांच्या ऑफिसात फरशीवर अंथरला. शिपायानं पाय वर घेतले. साहेब त्याच्याभोवती फिरले, मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "याला महापालिकेची परवानगी होती का?"

माझं टाळकंच सटकलं. "नव्हती! करा दंड. आत्ता करा! फक्त पावतीवर लिहा, कशाबद्दलचा फ्लेक्स होता ते. तोच माझा लेखी पुरावा."

रांगेतली माणसं खो खो हसली. त्यातल्या एकानं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत जो तो तेच बघत होता. नेत्यांचे फोन गेले. चौथ्या दिवशी पत्र निघालं. मालक तिकडं काय करत होते याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, पण पासपोर्ट सुटला.

मालक आले तेव्हा चौकात नवा फ्लेक्स होता. 'अथक प्रयत्नांना यश!' हात जोडलेले सात नेते, मधोमध ते साहेब. मालक खालच्या कोपऱ्यात, जुन्याच फोटोत, दोन्ही पायांवर उभे.

त्यांनी रिक्षा थांबवली. कुबड्या टेकून खाली उतरले आणि सगळं वाचलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील.

"त्या दोघांचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "एक तिकडं दवाखान्यात माझ्या शेजारच्याच खाटेवर व्हता. निघताना म्हणला, दादा, आमचंबी बघा."

"विचारलं होतं मी. पुरावा आणा म्हणाले."

"जाताना त्यांचा फ्लेक्स लावला व्हता का?"

"नाही."

मालक त्या सात नेत्यांकडं बघत राहिले.

"मग ती पोरं तिकडं गेलीच न्हाईत म्हण," ते म्हणाले, आणि रिक्षात बसायला माझा हात धरला.