छू ताईंनी पाहिलेली सही

बेजिंगमधल्या एका अतिथिगृहाच्या दोन खोल्यांत झाय वकिलांनी फर्म थाटली, तेव्हा स्वागताला एकट्या छू ताईच होत्या. घटस्फोटाचा खटला घेऊन आलेल्या एका बड्या असामीला वकिलांनी नम्रपणे परत पाठवलं, तशा ताई भडकल्या, "अहो, दारी आलेलं गिऱ्हाईक कुणी घालवतं का?"

"ताई, आपण फक्त कंपन्यांचे व्यवहार करायचे. पण असे, की दुसरं नाव कुणाला सुचू नये."

ताईंना तो वेडेपणा वाटला.

पुढे फर्मने तीन मजले व्यापले, आणि एके दिवशी दोन अवाढव्य पोलाद कंपन्या एक व्हायला तिथेच आल्या. सही झाली आणि लाखभर कामगारांचा मालक बदलला. चहाचा ट्रे धरून ताई दारातच थिजल्या.

"ताई, चहा निवतोय," झाय हसले.

"निवू द्या हो. जरा डोळे भरून बघू द्या."