चुडामण आबांच्या तीन फ्लॉप्या

धुळ्याचा पितांबर अहिरे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. माणूस अबोल. पण १९९८च्या मे महिन्यात जळगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात तो असा ओरडला, की समोरचा रसवंतीवाला चरक थांबवून बघायला आला.

पितांबरकडे सॅम्पलर होता. खऱ्या वाद्यांचे आवाज त्यात भरायचे, फ्लॉपीवर साठवायचे आणि कीबोर्डवर वाजवायचे. सात वर्षांत एकेचाळीस फ्लॉप्या झाल्या. उन्हानं, धुळीनं त्या नासायला लागल्या, म्हणून त्यानं सगळ्या सीडीवर उतरवायचं ठरवलं. सीडी रायटर होता या दुकानात, हिलालकडे.

हिलालनं पहिली फ्लॉपी घातली. कॉम्प्युटरला सॅम्पलरची फ्लॉपी वाचता येईना. पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायची का? हिलालनं सरळ 'होय' दाबलं. दुसरीला तेच, तिसरीला तेच. पितांबर चहा पिऊन आला तेव्हा चौथी आत जात होती.

"थांब! काय करतोयस?"

"भाऊ, तुमच्या फ्लॉप्या कोऱ्याच निघताहेत. तयार करून देतोय."

"कोऱ्या? अरे, तू पुसल्यास त्या!"

"मग कोपऱ्यातली खिटी सरकवून का नाही आणल्या?" हिलाल उलटून म्हणाला.

खिटी सरकवली असती तर काहीच पुसलं गेलं नसतं. हे खरं होतं, म्हणून पितांबर जास्तच भडकला. टेबलावरचा माऊस त्यानं वायरीसकट उपटून भिंतीवर आपटला.

उरलेल्या अडतीस धुळ्याच्या एका रेडिओ मेकॅनिकनं दुसरा प्रोग्रॅम मिळवून जशाच्या तशा उतरवल्या. दोन सीड्या वाया गेल्या, तिसरी चालली. पण पुसलेल्या तिन्हींत चुडामण आबांची ढोलकी होती. आबा आधी पंधरा वर्षं याच ऑर्केस्ट्रात वाजवत होते. पितांबर शिंदखेड्याला त्यांच्या घरी गेला, घडलं ते सांगितलं.

"आबा, परत एकदा वाजवा. तासाभराचं काम आहे."

आबा बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "तू मना हात त्या डबामा भरी लिन्हा. तठून माले एक तरी कार्यक्रमनी सुपारी उनी का?"

"तुम्ही हौसेनं वाजवलं होतं, आबा."

"हौसनं वाजाडं! मना जागावर मशीन बसाडशी, हाई सांगं व्हतं का तू?" आबांचा आवाज चढला. "लगीनमा मनी ढोलकी वाजे, आनि मी घर बठेल शे! जाय आते."

त्यांच्या बायकोनं, भिकुबाईंनी, पाणी आणलं होतं. पितांबरनं तांब्या तसाच खाली ठेवला. परतीच्या एसटीत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून तो तावातावानं भांडला.

पुढच्या लग्नसराईत ऑर्केस्ट्रानं एरंडोलचा एक ढोलकीवाला घेतला. त्याचा हात चांगला होता. पितांबरला मात्र तो शेवटपर्यंत आवडला नाही, आणि तसं त्यानं त्याला पहिल्याच कार्यक्रमात तोंडावर सांगितलं.