चेअरमनांचं चूर्ण

नाथाजींच्या पोटाइतकं गाजलेलं पोट सगळ्या रहिमतपुरात दुसरं नव्हतं. ते कधी अडलं, कधी मोकळं झालं, कालच्या चूर्णानं काय दिवे लावले, हे सगळं ते सकाळी सकाळी हॉटेलच्या बाकावर बसून सांगत. दूध सोसायटीचे चेअरमन सांगतायत म्हटल्यावर लोकांना हातातली भजी तशीच धरून ऐकावं लागे.

पलटणीत त्यांनी उभी नोकरी स्टोअरात काढली. बंदुका मोजून आत घ्यायच्या आणि मोजून बाहेर द्यायच्या, एवढाच त्यांचा बंदुकीशी संबंध. पण पेन्शनीवर आले ते जणू लढाई जिंकूनच. तेव्हा पोट धडधाकट होतं. भाकरी, खर्डा आणि वर तांब्याभर ताक रिचवलं की गडी ढेकर देऊन मोकळा.

दुष्काळ सरला, गावात दूध सोसायटी निघाली आणि नाथाजी तिचे चेअरमन झाले. घरातलं थेंब न थेंब दूध सोसायटीत आलं पाहिजे, असा त्यांनी ठराव केला. ताक घुसळत बसणं म्हणजे मागासलेपणा, असंही सभेत सांगून टाकलं. स्वतःच्या घरातली रवी तर त्यांनी माळ्यावर फेकली. त्यांच्या बायकोनं, राहीबाईनं, एकदाच तोंड उघडलं.

"आवं, वाटीभर दूध ठिवू द्या की. दही लावते."

"चेरमनच्याच घरातनं दूध कमी आलं, तर लोकांनी का घालावं?" नाथाजी म्हणाले. "हुकूम म्हंजे हुकूम."

हुकूम मोडला तो एकट्या धोंडुबाईनं. नात्यानं ती त्यांची चुलत वहिनी. दोन म्हशींतल्या एकीचं दूध ती घरीच ठेवी, विरजण लावी. नाथाजींनी तिला भर सभेत उभं केलं, तिचा यथेच्छ पाणउतारा केला आणि सभासदांतून तिचं नाव काढून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला लोकांचं काय जातंय.

पुढं चेअरमनांचं पोट बिघडलं. आता औषध निवडायचं म्हटल्यावर त्यांच्या अंगात जुना स्टोअरकीपर संचारला. रेल्वेनं सांगलीला जायचं, बाळगोंडाच्या औषधाच्या दुकानात बाटल्या उजेडाकडं धरायच्या, डबे हलवून बघायचे. लेबल इंग्रजी असलं की माल उत्तम, हा त्यांचा सिद्धांत; इंग्रजी वाचता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

"पावणं, सादा इसबगोल न्या," बाळगोंडा सांगे. "वर पानी भरपूर प्या. झालं."

नाथाजी नाक मुरडत. इसबगोल म्हाताऱ्या खातात. त्यांना फसफसणारं मीठ हवं, सोनेरी झाकणाचं टॉनिक हवं, डब्यावर पैलवान छापलेलं चूर्ण हवं. नवा डबा आणला की पोट असं काही सुटे, की चेअरमनांना ठराव अर्धा सोडून सभेतून पळावं लागे. मग पुन्हा सगळं गच्च. फळी डब्यांनी भरत गेली आणि चेअरमन वाळत गेले. सदरा अंगावर लोंबायला लागला. अर्धी भाकरी ताटातच सोडून ते उठायचे. बाहेर कितीही ऐट मिरवली तरी माणूस आतून पार घाबरला होता.

शेवटी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सगळे डबे टेबलावर मांडायला लावले, एकेक वास घेऊन बघितला आणि बाजूला सारला.

"हे आजपासून बंद. साधं जेवा आणि दोन्ही वेळेला घरचं ताजं ताक घ्या. तुम्ही तर दूध सोसायटीचे चेअरमन. तुम्हाला ताकाचा काय तोटा?"



घरी आल्यावर राहीबाई ताक मागत गल्लीभर फिरली आणि रिकाम्या हातानं परतली. चेअरमनांचा ठराव घरोघर अगदी चोख पाळला जात होता.

"धोंडुबाईंकडं असंल," ती म्हणाली. "पर मी न्हाई जायची. नाव तुमी काढलंसा, तुमीच जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी उपरण्याखाली वाटी लपवून धोंडुबाईच्या दारात उभे राहिले.

"वैनी, वाईच ताक हाय का?"

धोंडुबाईनं तांब्या भरून पुढं ठेवला. नाथाजींनी तो अधाशासारखा तोंडाला लावला. मिशा पांढऱ्या झाल्या त्याचंही भान राहिलं नाही. कितीतरी महिन्यांनी पोटात काहीतरी गार, भरवशाचं उतरत होतं. त्यांना भरून आलं, आणि हिच्यासमोर भरून आलं म्हणून स्वतःचाच रागही आला. मग त्यांनी हळूच वाटी पुढं केली.

"जरा विरजण बी द्या. घरात लावतो."

"देते की," धोंडुबाई म्हणाली. "पर भावजी, लावनार कशात?"

बाहेरून सोसायटीची गाडी कॅन खडखडवत चालली होती. नाथाजींच्या घरचं सगळं दूध त्यातच होतं. वाटी धरलेला हात तसाच पुढं राहिला.