सासूबाईंची मोरी

लग्न होऊन मी कळसाडीला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी घराची वाटणी करून टाकली. पाहुणे नुकतेच गेले होते. मागच्या दाराबाहेर मोरीवर भांड्यांचा ढीग पडला होता. मी पदर खोचून बसले आणि अर्ध्या तासात सगळं घासून, विसळून पालथं घातलं.

मला त्याची सवय होती. माझं माहेर विसरवाडीचं. फाट्यावर वडिलांचं चहा-भज्यांचं दुकान होतं. बस थांबली की एकदम तीस-चाळीस माणसं उतरायची आणि ती परत बसमध्ये चढेपर्यंत पेले पुन्हा तयार हवे असायचे. एका बादलीत बुडवायचं, दुसऱ्या बादलीतून काढायचं. हात थांबला नाही पाहिजे, एवढंच मला शिकवलेलं.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी पालथ्या भांड्यांतला एक पेला उचलला, उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला.

"साबणना वास ई ऱ्हायना," त्या म्हणाल्या. "आठे काय हॉटेल शे का?"

मग त्या पाटावर बसल्या आणि सगळी भांडी पहिल्यापासून घासायला घेतली. मी बाजूला उभी. रागही आला होता आणि रडूही. शेवटचं पातेलं विसळून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "चूल तुन्ही, मोरी मन्ही."

पुढे त्यांनी धान्याच्या कोठ्या माझ्या ताब्यात दिल्या, कपाटाची किल्ली दिली, पण मोरी दिली नाही. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी पाण्याचे पेले, मग दुधाची भांडी, मग ताटं, सगळ्यात शेवटी कढई. पाणी तापवायची चूल बाहेर होती, तिची राख चाळून एका डब्यात भरलेली असायची. तीन पाण्यांतून भांडं जायचं, आणि मग जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने पुसून फळीवर. एवढ्याला त्यांना दोन तास लागत. मला तो निव्वळ वेळेचा नास वाटायचा, पण मी बोलत नसे. आयती घासलेली भांडी कोणाला नको असतात?

अशी सतरा-अठरा वर्षं गेली. 

मागच्याच्या मागच्या दिवाळीतली गोष्ट. शेवभाजी केली होती. जेवायला बसल्यावर नवऱ्याने ताट हातात घेतलं, काठाकडे बघितलं, उठला, ताट नळाखाली धुतलं आणि परत येऊन बसला. सासूबाई समोरच होत्या. त्यांच्या लक्षात आलं नाही. मी माझ्या ताटाला बोट लावलं. काठाच्या आतल्या बाजूला कालच्या भाजीचा लाल तेलकट थर तसाच होता.

मग मी लक्ष ठेवायला लागले. सासूबाई सुईत दोरा ओवायला मला सांगायच्या. अंगणात आलेल्या माणसाला आवाज ऐकल्याशिवाय ओळखायच्या नाहीत. भांडी मात्र पूर्वीसारखीच, दोन तास, तीन पाणी.

त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. दुपारी त्या शेजारच्या ओट्यावर लसूण सोलायला, गप्पा मारायला जात. तेवढ्यात मी भांडी पुन्हा घासायची. आवाज होऊ नये म्हणून दगडावर गोणपाट टाकायची. पुसून जशीच्या तशी फळीवर लावून ठेवायची. नवऱ्याला माहीत होतं. तो म्हणाला, "डोळे दाखवायला नेऊ." पण कापसाची वेचणी चालू होती, मग ऊस तोडणीला आला, आणि नेणं राहून गेलं.

एके दिवशी सासूबाई ओट्यावरून लवकर परतल्या. मी भांडी नुकतीच लावली होती, घाईत नीट पुसली नव्हती. त्यांना पाणी प्यायचं होतं. पेला घेताना त्यांचा हात ताटांना लागला.

"हाई ताट वलं कसं शे?" त्यांनी विचारलं.

"पाणी उडालं असेल," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या ताटावरून हात फिरवला, मग तिसऱ्यावरून. पाणी न पिताच पेला खाली ठेवला आणि आत जाऊन खाटेवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मोरीवर आल्या नाहीत. "मन्हा हात दुखी ऱ्हायनात," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवण अर्धं टाकायच्या. मी भांडी घासत असताना त्यांची नजर माझ्या दिशेला असायची, पण मी त्यांना कितपत दिसत होते कोण जाणे. माझं मन कशातच लागेना. चौथ्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर बसले.

"आत्या, मी तुमची भांडी परत घासत होते."

"कधीपाईन?"

"दिवाळीपासून."

मग म्हणाल्या, "मंग माले काब्र नही सांगं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मंग आते काय बरं वाटी ऱ्हायनं?"

मी त्यांच्या पायावर हात ठेवला. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

त्या संध्याकाळी मी मोरीवर बसले, तर भिंतीचा आधार घेत त्या बाहेर आल्या. फडकं घेतलं आणि माझ्या शेजारी पाट ओढला. "तू घस. मी पुसस."

मला वाटलं होतं, त्यांचा जीव रमेल, तेवढंच. पण पहिलंच ताट त्यांनी पुसलं, काठावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे परत दिलं. मग कपाच्या कानाच्या आतली बाजू. मग चहाच्या गाळणीची कड. मग कढईचा कान, जिथे खिळ्याभोवती वर्षानुवर्षांचं काळं धरलेलं असतं. मी डोळे असून जे सोडून देत होते, ते त्यांच्या बोटांना बरोबर सापडत होतं. त्या दिवशी निम्मी भांडी मी दोनदा घासली. सासूबाईंना हसू आवरेना, आणि त्यांना हसताना बघून मलाही.

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही दोघी बसू लागलो. हात कामात असले की माणूस बोलतं. एकदा मी सहज विचारलं, "आत्या, सगळं मला देऊन टाकलंत, मग मोरीच का ठेवलीत?"

त्या पेला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या नांदायला आल्या तेव्हा घरात सासू, तीन जावा, दोन नणंदा. दिवसभर कोणी ना कोणी नाव घेऊन बोलवायचं. "पन भांडा घसनारीले कोनी हाक मारे नही. मी बी मंग हळू हळू घसू." पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या, "रडाले बी तीच जागा व्हती."

कशासाठी रडायच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोन तासांच्या त्या भांड्यांना मी इतकी वर्षं मनात नावं ठेवत आले होते, त्याची मात्र लाज वाटली.

डोळ्यांचं मग मी लावूनच धरलं. त्या घाबरत होत्या. गल्लीतल्या कोणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर बिघडल्याचं त्यांनी ऐकलं होतं. पुढच्या वर्षी थंडी पडल्यावर आम्ही नंदुरबारला गेलो. मोतीबिंदू पिकला होता, लगेच ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभी होते. त्यांनी डोळ्याची उघडझाप केली, माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुन्हा केस पांढरा हुई ग्यात." शेजारच्या खाटेवरची बाई हसली.

डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं होतं. तो महिना मी एकटीने भांडी घासली आणि कढईचा कान चुकवला नाही. मनात धाकधूक होती. आता दिसायला लागलं, म्हणजे मोरी त्या परत घेणार. घ्यायलाही हवी, पण संध्याकाळचं ते बसणं जाणार, याचं मला वाईट वाटत होतं.

महिना संपला त्या सकाळी त्या माझ्याआधी मोरीवर जाऊन बसल्या होत्या. चाळलेल्या राखेचा डबा शेजारी. मी दारात उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"सकायना भांडा मन्हा," त्या म्हणाल्या. "संध्याकायना दोन्हीस्ना."

आजही तसंच चालू आहे. सकाळी त्या घासायला बसल्या की मी मागचं दार लोटून घेते, आणि नवऱ्याने त्यांना काही विचारायला जायचं म्हटलं, तर त्याला थांबवते. काय असेल ते नंतर विचार, म्हणते. तो म्हणतो, एवढं काय आहे त्या भांड्यांत. मी त्याच्या हातात चहा देते.