सुनेचे टाके
माझी सून शर्टाच्या कॉलरी शिवायची. हात असा भरभर चाले की कारखान्यात तिला सगळे ‘वादळ’ म्हणत. मी घरी चेष्टेनं विचारायचो, अगं, जेवतानाही पायडल मारतेस का?

तिला नववा लागला तेव्हा पावलं टम्म सुजली, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, बीपी चढलं. ऑपरेशन करूनच मुलगी काढावी लागली. आली तीच असं भोकाड पसरत, की नर्स म्हणाली, ही वकील होणार. हा किस्सा मी सतरा वर्षं सांगतोय. पाहुण्यांना सांगितला, न्हाव्याला सांगितला. न्हाव्यानं तर दोनदा ऐकला.

सुनेचं मात्र तेव्हापासून एकच पालुपद, टाके ओढतात. जिना चढताना दम लागला, टाके. छातीत गच्च झालं, टाके. दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना, तेही टाक्यांमुळेच. शिवणारी बाई, टाक्यांतलं तिलाच कळणार, असं आम्हीही धरून चाललो. पोटाला पट्टा आणला, मलम आणलं.

मागल्या महिन्यात ती मशीनवरच कोसळली. हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाके केव्हाच भरलेत, त्यांचा काही संबंध नाही. मग विचारलं, ऑपरेशन का करावं लागलं होतं? सुनेनं मुलाकडे पाहिलं, मुलानं माझ्याकडे.

बाळंतपणाच्या दिवशी मुलगा परगावी होता, सून गुंगीत. तिथल्या डॉक्टरांनी मलाच बाहेर गाठून बजावलं होतं, गरोदरपणात बीपी चढलेल्या बाईच्या हृदयाला पुढेही धोका असतो, दरवर्षी तपासत जा. मी मान डोलावली. किस्सा रंगायचा तो भोकाडावर. मध्येच बीपीचं, हृदयाचं हे आलं की रंगाचा बेरंग, म्हणून पहिल्याच वेळी गाळलं. पुढे पुढे मलाही आठवेना.

ते सगळं मी आता सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. बीपी आतल्या आत वाढत राहिलं असावं, हृदय निम्मंच काम करतंय, म्हणाल्या. मुलानं विचारलं, पहिल्यासारखं होईल ना?

“आहे तेवढं टिकवू या,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर सून दारात थांबून म्हणाली, “मामंजी, मला सांगितलं असतंत तर गेले असते हो मी तपासायला.”

आता रोज सकाळी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून मीच बीपी मोजतो. आकडा खाली यायचं नाव घेत नाही. ती विचारते, किती? मी आहे तोच सांगतो.