दोह्याच्या बारमध्ये बाई चालते, अबाया चालत नाही

एकशे दहा रियाल मोजून अबाया घेतला, तोही घासाघीस करून, घशाला कोरड पडेपर्यंत, आणि तोच घातला म्हणून मला बारच्या दारात अडवलं! परक्या मुलखात आलोय, तिथल्या बायका घालतात तसं अंगभर घालावं, मान राखावा, एवढाच माझा विचार. तर दारावरचा सहा फुटी गडी हात आडवा करून म्हणतो, "मॅडम, अबाया नॉट अलाउड." मी म्हटलं, "अरे, सगळ्या गावात अलाउड आहे, तुझ्याच दारात कसा नाही?" तो हसतो. हसायला काय झालं? तिथे नियम आहे म्हणे, तिथल्या पोशाखातल्या माणसाला दारू मिळते त्या जागी आत घेत नाहीत. मग बाजारात अबाया विकणाऱ्याने सांगायचं की नाही, बाई तुम्ही कुठं निघालाय? माझ्या पोराने तरी सांगायचं की नाही? पण आमचं पोर वेळेवर काही सांगेल तर शपथ. ते पुढे येईलच.

आता पहिल्यापासून सांगते. या पानावर एरवी आमच्या बँडचे फोटो असतात आणि लग्नाच्या कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते असतं. वडगावात आमची बँड कंपनी आहे, तीस वर्षं झाली. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, ट्रंपेट वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीला हात लावून सांगितलं, आता फुंकायचं नाही. तेव्हापासून कंपनी मी बघते. माझी शाळा चौथीपर्यंत झालीय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

पोरगा अवधूत. कॅसिओ वाजवतो. त्याला कीबोर्ड म्हणतात हे मला माहीत आहे, पण आमच्या घरात तो कॅसिओच. दोन वर्षांपूर्वी दोह्यातल्या एका हॉटेलात बारच्या बँडमध्ये गेला. "आई, दोनच वर्षं," म्हणाला. दोन वर्षं या महिन्यात संपतात. फोनवर विचारलं की, "कंपनी अजून काय बोलली नाही गं." मग मीच ठरवलं, जाऊन बघायचं. आणि खरं सांगायचं तर घेऊनच यायचं.

गेले पितृपक्षात. बँडवाल्या माणसाला प्रवास करायचा तर हाच काळ. गणपती झालेले, लग्नं नाहीत, वास्तुशांत नाही, पंधरा दिवस वाद्यं खुंटीला. तिकीट दीड महिना आधी काढलं, जाऊन-येऊन चोवीस हजार. व्हिसाचं माझ्या बहिणीच्या पोरीने, सारिकाने, बघितलं. नियम बदलत असतात, तुम्ही आधी विचारून घ्या. वडगावातून कोल्हापूर, तिथून रात्रीच्या बसने मुंबई, पुढे चार तास विमान. बॅगेत चटणी, शेंगदाण्याचा लाडू आणि बँडचा लाल कोट. सोनेरी कॉलरचा, खांद्यावर झुबके असलेला, अवधूतचा. अंगावर घातला की मन वळेल, असा माझा हिशोब.

सारिका दोह्यातच, फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत राहते. इमारतीखाली केरळी माणसाचं दुकान आहे, कढीपत्त्यापासून खोबरेल तेलापर्यंत सगळं मिळतं, घरून ओझं नेऊ नका. अवधूत कंपनीच्या खोलीत चौघांत राहतो, तिथे आईला जागा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. रात्रभर वाजवतो, दुपारी उठतो. गाल वर आलेले. मी आधी पाणी दिलं, मग कोट दिला.

"आई, हे काय आणलंस?"

"घालून तर बघ."

घातला. बटणं काही लागेनात. पोट आणि कोट यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर. हॉटेलचं खाणं! सारिकाचा आठ वर्षांचा आरव हसून लोळायला लागला. "मामा, यू लुक लाइक अ सर्कस मॅन!" मराठी सगळं कळतं त्याला, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, "सर्कस नाही रे बाबा, हा तुझ्या आज्जीचा धंदा आहे." तर म्हणतो, "आज्जी, व्हाय आर यू शाउटिंग?" मी शाउटिंग करत नव्हते. मी अशीच बोलते.

अवधूतने मात्र कोट लगेच काढला नाही. तसाच उघड्या बटणांनी बसून चहा प्याला. मी बघून ठेवलं.

तिसरा दिवस गावात फिरण्यात गेला. मेट्रो झकास. चालवायला माणूस नाही, तरी वेळेवर येते. दिवसभर फिरायचा पास सहा रियालचा. एक रियाल म्हणजे साधारण चोवीस रुपये धरा, पण प्रत्येक वस्तूचे रुपये करत बसू नका, पाणीसुद्धा गिळवत नाही. अल सद्दला मेट्रोत बसून सूक वाकिफला, म्हणजे जुन्या बाजारात, गेलो. सप्टेंबरात दुपारी जाऊ नका, चष्म्यावर वाफ धरते. संध्याकाळी जा. तिथेच तो अबाया घेतला. येताना सारिकाच्या नवऱ्याने चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. पोरगा धावत आला, गाडीतच चहा दिला. करक म्हणतात, वेलदोडा घातलेला, आपल्या बासुंदी चहासारखा. हॉर्न वाजवला की चहा येतो! आपल्याकडे हॉर्न वाजवला की शिवी येते.

आता गुरुवार. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी बारमध्ये गर्दी. रस्त्यावर बार दिसणार नाही, शोधू नका. मोठ्या हॉटेलांच्या आत, लिफ्टने वर किंवा बाजूच्या दाराने. पासपोर्ट लागतोच. एकवीस वर्षं पूर्ण आहेत का बघतात. माझा पासपोर्ट त्या मशीनवर ठेवला तेव्हा मी म्हटलं, "बावन्न वर्षं तोंडावर लिहिलेली आहेत, वाच की." मग ते अबायाचं झालं. सारिका म्हणाली, "मावशी, चल घरी, राहू दे." राहू दे? पोराचं वाजवणं ऐकायला मी समुद्र ओलांडला! आत साडी होतीच. तिथेच दारात अबाया काढला, घडी घातली, पिशवीत कोंबला. तो गडी बाजूला झाला, वर "वेलकम मॅडम" म्हणाला.

आत अंधार. एवढ्या श्रीमंत मुलखात दिवे का लावत नाहीत कोण जाणे. गार एवढं की पदर दोन वेळा गुंडाळला. सगळीकडची माणसं, गोरे, काळे, आपले, आणि प्रत्येकजण खुर्चीत बसलेला. मंगळवारी बायकांना पहिला पेला फुकट असतो म्हणे. गुरुवारी नसतो. मी ताक मागितलं, लेमन-मिंट आलं. लिंबू, पुदिना, बर्फ. पस्तीस रियाल. सारिकाने बिल माझ्यापासून लपवलं होतं, पण माझी नजर अजून धड आहे.

आठला बँड सुरू झाला. चौघं. गाणारी फिलिपिन्सची मारिसेल, हसरी पोरगी. ड्रमवाला आणि गिटारवालाही तिकडचेच. आणि कोपऱ्यात कॅसिओवर आमचा अवधूत, काळ्या शर्टात. वाजवत होता एवढं हळू! आमच्याकडे असं वाजवलं तर नवरदेव घोड्यावर झोपेल. मी दोनदा हाताने खूण केली, वाढव, वाढव. त्याने मान खाली घातली.

मग बोलणं सोडून ऐकत बसले. बोटं तीच होती, पण घाई नव्हती. आमच्या बँडमध्ये मागून वरात ढकलते, पुढे फटाके, त्यात सूर कोण ऐकतो? इथे कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा गोरा शेंगदाणे खात होता. अवधूतने एकट्याने एक तुकडा वाजवला, तेव्हा त्याचा हात शेंगदाण्यांच्या वाटीतच राहिला. तुकडा संपला, मग त्याने घास घेतला. तीस वर्षांत मी हे बघितलं नव्हतं.

मधल्या वेळेत अवधूतने मारिसेलला काहीतरी सांगितलं. तिने माईकवर म्हटलं, "टुनाइट, अवीज मम्मी इज हिअर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आमच्या पोराने काय करावं? लग्नात हळदीला आमचा बँड वाजवतो तो ठेका धरला. मालक ज्यावर ट्रंपेट फुंकायचे तोच. ड्रमवाल्याला कधी शिकवून ठेवला होता देव जाणे. मागच्या टेबलावर चार पोरं टुणकन उठली. एकजण ओरडला, "काकू, कोल्हापूर का सांगली?"

"वडगाव!"

"मी जयसिंगपूरचा! वाजव रे भावा!"

आता मला सांगा, पोटचा पोरगा बापाचा ठेका वाजवतोय, तेव्हा बाई काय करेल? मी उठले, कनवटीची पन्नासची नोट काढली, त्याच्या डोक्याभोवती तीनदा ओवाळली आणि कॅसिओवर ठेवली. आमच्यात असंच करतात. न केलं तर वाजवणाऱ्याचा अपमान.

वाद्यं थांबली. दोन सुटातले गडी दोन बाजूंनी आले. "नो मनी, मॅडम, नो मनी!" त्यांच्यामागे मॅनेजर. अवधूतचा चेहरा पांढराफटक. मला हळूच म्हणाला, "आई, इथं वाजवणाऱ्यावर पैसे ओवाळायचे नसतात. वेगळ्याच जातीचा बार, डान्सबार समजतात. लायसनचा प्रश्न येतो." मॅनेजर त्याला बाजूला घेऊन गेला. पोराला न्यायलाच आले होते खरी, पण माझ्या नोटेने त्याला हाकलून लावावं, म्हणून नव्हते आले. तो आला तर वाजतगाजत, आपल्या मर्जीने आला पाहिजे ना!

मी गेले मॅनेजरच्या मागे. माणूस मंगळूरचा, हिंदी कळत होतं. माझी हिंदी वरातीतली. म्हटलं, "साहब, गलती मेरी है, इसकी नहीं. हमारे में माँ ऐसेच दृष्ट काढती है. इसको निकालो मत. ऐसा कॅसिओवाला तुमको नहीं मिलेगा. वो बुढ्ढा साहब खाना छोड़के सुन रहा था, देखा क्या?"

मॅनेजर हसायला लागला. "अम्मा, इसको कौन निकालता है? दो साल का नया कॉन्ट्रॅक्ट तीन हफ्ते से इसके पास पड़ा है. साइन ये नहीं कर रहा."

मी अवधूतकडे बघितलं. अवधूत छताकडे बघत होता.

"कंपनी अजून काय बोलली नाही," मी म्हटलं. "असंच म्हणालास ना?"

"आई..."

"सही का केली नाहीस?"

"बघतो."

"मग येतोयस का घरी?"

"बघू ना. इन्शाल्ला."

बघा! आमच्याकडचं 'बघू' आणि तिकडचं 'इन्शाल्ला', म्हणजे देवाच्या मनात असेल तर, एकाच वाक्यात दोन्ही. इकडे आई थांबलीय, तिकडे मॅनेजर थांबलाय, आणि हा दोघांच्या मध्ये कॅसिओ धरून उभा. मारिसेलने ती पन्नासची नोट परत आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "मम्मी, ही प्लेज युअर साँग एव्हरी डे. बिफोर वी ओपन." रोज, दार उघडायच्या आधी, रिकाम्या बारमध्ये, हळदीचा ठेका. हेही आम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी विमानतळावर सोडायला आला. मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं, त्यामुळे वाटेत काही बोलले नाही. तोच बोलला, रमजानात तिथे बारमधली वाद्यं महिनाभर बंद असतात, तेव्हा बँडवाले आपापल्या घरी जातात. म्हटलं, म्हणजे तुमचाही पितृपक्षच. हसला. गेल्या रमजानात का आला नव्हता, ते मात्र हसता हसता टाळलं.

आता तुम्ही जाणार असाल तर: गुरुवारी जा, पासपोर्ट घ्या, साडी चालते, बंद गळ्याचं काहीतरी आणि शाल घ्या, नोट पिशवीत ठेवा. बाहेर रस्त्यावर पिऊन हिंडू नका, तिथे चालत नाही. लेमन-मिंट एकच घ्या, दोघींत. अबाया सारिकाकडे ठेवून आलेय, तिला घरात उपयोगी पडेल.

घरी आले तर मालकांनी पहिला प्रश्न विचारला, "वाजवतो कसा?" मी म्हटलं, "हळू. पण चांगला." ते म्हणाले, "हळू चांगलं वाजवणं अवघड असतं."

तर अवधूत, हे तू वाचणार मला माहीत आहे, फोन उचलत नाहीस तरी हे पान उघडतोस, सारिकाने सांगितलंय. दसऱ्याला आपण लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायला बसतो. लोक विचारणार, यंदा कॅसिओवर कोण? गुरवांची शीतल तयार आहे, हात चांगला आहे पोरीचा, आणि ती विचारल्यावर हो किंवा नाही म्हणते. कोट परत आणलाय, तुझ्याशिवायच. खंडेनवमीला वाद्यांच्या पूजेत तो मांडायचा आहे. शिंप्याकडे टाकलाय. तो रोज विचारतोय, "वहिनी, अवधूतसाठी पोटात वाढवू का शीतलसाठी खांद्यात आटवू?"

तिथे सही कर नाहीतर इथे ये, मी रागावणार नाही. रागावले तरी दोन दिवस. पण तोंडाने सांग. अंगठा पाठवायचा नाही, इन्शाल्ला म्हणायचं नाही. अष्टमीला संध्याकाळी सातला शिंपी दुकान बंद करतो. त्याच्या आत मला फोन पाहिजे: वाढवू, का आटवू?